काळीचं लुगडं

मंगळवारी संध्याकाळी न्यूझीलंडमधल्या लोअर हटला भूकंपाचा एक किरकोळ धक्का बसला आणि शनिवारी सकाळी सगळं घर धुण्याच्या खोलीत एका बरणीभोवती गोळा झालं.

धक्क्याचं तसं कुणाला काही वाटलं नव्हतं. त्या गावची जमीन अधूनमधून अंग झटकतेच. मृदुलानं तव्यावरची पोळी उलटायचीही थांबवली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी ती कपड्यांचं मशीन लावायला गेली, तर कोपऱ्यातल्या काळीच्या बुडाशी तेलाचा डाग. तिनं पुसला. गुरुवारी पुन्हा डाग, आता पुरीएवढा. मग मात्र तिनं सासूबाईंना सांगितलं, सासूबाईंनी तिच्या नवऱ्याला, रमणला, आणि रमणनं पामर्स्टन नॉर्थला धाकट्या भावाला फोन लावला.

काळी म्हणजे या घरची लोणच्याची बरणी. वेंगुर्ल्याहून पुण्याला आणि पुण्याहून सासूबाईंच्या, मालतीबाईंच्या, मांडीवर बसून विमानानं न्यूझीलंडला आलेली. ऑकलंडच्या विमानतळावर बायोसिक्युरिटीच्या माणसानं तिच्यात नाक घालून वास घेतला होता आणि डोळ्यांत पाणी आणून तिला देशात घेतलं होतं. तिचं तोंड आणि बोटभर गळा तेवढा दिसे. तो काळा कुळकुळीत, म्हणून ती काळी. बाकीचं अंग कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण अंगावर लुगडी होती. या घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेनं पहिल्या वर्षी लोणचं भरायचं आणि आपल्या लग्नाच्या साडीचा तुकडा आधीच्या लुगड्यांवरून शिवून काळीला नेसवायचा. खालचं मात्र काढायचं नाही. बाईमाणसाचं नेसूचं कुणी सोडत नाही, हे त्यामागचं कारण, आणि त्यावर आजवर कुणी वाद घातला नव्हता. त्यामुळे काळी पिढीगणिक जाडजूड होत चालली होती, घरातल्या बायकांसारखीच, असं मकरंद म्हणे. अर्थात आईच्या पाठीमागे.

हा मकरंद धाकटा. त्याची बायको मेधा. पामर्स्टन नॉर्थहून गाडीनं येताना तिनं पायाशी ठेवलेली पर्स दोनदा उचलून मांडीवर घेतली. पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात मोरपिशी रेशमाचा एक तुकडा होता, तिच्या लग्नातल्या साडीचा. लग्नाला सहा वर्षं झाली होती. हटला येताना ती तो दरवेळी आणी आणि दरवेळी परत नेई. मकरंदलासुद्धा ते ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते एवढंच. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, याच घरात, मेधानं लोणचं कालवलं, तिच्याच हातानं ते काळीत भरलं गेलं आणि पंधरवड्यात त्यावर पांढरा बुरा आला. मालतीबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मेधानं भांडण तरी केलं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "काहींचा हात लोणच्याला लागत नाही. त्याला कोण काय करणार?" आणि नेसवणं राहिलं ते राहिलंच. त्यानंतर मेधा या घरात पुरणपोळ्या करी, सासऱ्यांच्या गुडघ्यांना तेल लावी, पण काळीजवळून जाताना हात मागे घेई. दुधाच्या संशोधन संस्थेत काम करणारी बाई ती. बुरशी का येते यावर ती तासभर बोलली असती. पण सासूच्या त्या एका वाक्यावर तिच्या प्रयोगशाळेत उतारा नव्हता.

आणि आता वेळ संपत आली होती. आणखी पंधरवड्यानं मालतीबाई आणि सासरे जनार्दनराव कायमचे पुण्याला परतणार होते. जनार्दनरावांच्या गुडघ्यांना हटची थंडी सोसेना. जाण्यापूर्वी काळी नव्या लोणच्यानं भरायची आणि मोठ्या सुनेच्या, मृदुलाच्या, स्वाधीन करायची असं ठरलं होतं. शेजाऱ्यांच्या झाडाची लिंबं चिरून आठवडाभर मिठात मुरत ठेवली होती. मालतीबाई गेल्या की नेसवायला सांगणारंच कुणी उरणार नव्हतं. मेधाच्या मनात वाटभर तेवढंच होतं, आणि तोंडानं ती मकरंदशी पेट्रोलबद्दल बोलत होती.

"मी काय म्हणतो," धुण्याच्या खोलीत रमण म्हणाला. त्याच्या हातात हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली नळी होती. रमण इंजिनीअर. जगात गळणाऱ्या सगळ्या गोष्टींवर एकच उपाय आहे अशी त्याची श्रद्धा. "सिलिकॉन भरतो. दहा मिनिटांचं काम."

"स्वीट ॲज!" मकरंदनं तिथल्या पोरांसारखी दाद दिली. "लिंबाचं लोणचं, सिलिकॉन फ्लेवर."

"तुम्ही दोघं गप्प बसा," मालतीबाई म्हणाल्या. त्या स्टुलावर बसल्या होत्या आणि काळीच्या पाठीवर हात ठेवून होत्या, आजारी माणसाच्या ठेवावा तसा. बरणी कालच रिकामी केली होती. फिजीहून येणाऱ्या कैऱ्यांचं गेल्या सालचं उरलंसुरलं लोणचं काचेच्या बाटलीत गेलं होतं. "तडकली असली तर तडकली म्हणायचं. सिलिकॉन नको."

"तडकली कशी असेल, आई?" मृदुलाचा आवाज चढला. "जमिनीवर होती. मी जागची हलवलीसुद्धा नव्हती. आता माझ्या घरात तडकली असं सगळे जन्मभर सांगणार."

"कोण सांगणार?"

"तुम्हीच सांगाल. सदाशिव पेठेत पोचेपर्यंत गावभर होईल."

जनार्दनराव दारातल्या खुर्चीवरून खाकरले. "तिला काही होत नाही. अरबांच्या गलबतातून आली आहे ती. वादळात गलबत फुटलं, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला माणसं लागली नाहीत, ही लागली. माझ्या पणज्यानं..."

"गेल्या वेळी पोर्तुगीज होते, बाबा," मकरंद म्हणाला.

"पोर्तुगीजांकडून अरबांकडे गेली होती."

मेधा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हात पाठीमागे बांधून. तिला एक गोष्ट माहीत होती आणि ती बोलावी की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. गेली चार वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी ती मातीकामाच्या वर्गाला जात असे. का जाते ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. हाताला काहीतरी लागतंय का, हे बघायला जाते असं सांगितलं असतं तर लोक हसले असते.

"वाजवून बघावी लागेल," ती अखेर म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"भाजलेलं भांडं अखंड असलं की बोटानं वाजवल्यावर घंटेसारखं वाजतं. केसाएवढी चीर असली तरी आवाज बद्द येतो. वर्गात आम्ही प्रत्येक भांडं असंच बघतो."

रमणनं लगेच वाकून टिचकी मारली. गादीवर मारल्यासारखा आवाज आला.

"असं नाही कळणार, दादा," मेधा म्हणाली. "एवढी कापडं आहेत वर. ती..." आणि तिनं वाक्य तिथंच सोडलं.

पुढचे शब्द मालतीबाईंनीच उच्चारले. "तिचं नेसूचं सोडायचं म्हणतेस?"

रमणनं नळी पाठीमागे घेतली. मेधाला वाटलं, झालं, उरलंसुरलंही संपलं. आधी लोणचं बिघडवलं आणि आता काळीला उघडी करायला निघाली, म्हणून आपलं नाव या घरात निघेल.

आणि तेव्हा मृदुला बोलली. सहा वर्षांत या विषयावर एक अक्षर न बोललेली मृदुला.

"ती बरोबर बोलतेय, आई. मला तडकलेली बरणी नको आणि बिनतडकलेल्या बरणीचा आळ तर मुळीच नको. वरचा टाका माझा आहे. माझा मी सोडते." मग मेधाकडे वळून, जरा घुश्शातच, "आणि त्या बुऱ्याचंही आता बस झालं. या हटमध्ये माझ्या बेडरूमच्या भिंतीला बुरा येतो, रमणच्या बुटांना येतो. लोणच्याला आला तर त्यात तिच्या हाताचं काय?"

मालतीबाई काळीच्या गळ्यावरून बोट फिरवत बसल्या. मग उठल्या.

"पुरुषांनी बाहेर जायचं," त्या म्हणाल्या.

"काय?" रमण म्हणाला.

"बाहेर. बार्बेक्यू पेटवा. बरणीला हिंगाची धुरी द्यायला निखारे लागतील. हाक मारल्याशिवाय कुणी आत यायचं नाही. अहो, तुम्हीसुद्धा."

"अगं, बरणी आहे ती!" जनार्दनराव म्हणाले.

"असू दे."

आणि तिघं पुरुष निमूटपणे डेकवर गेले. त्यात एकालाही हसू आलं नाही, हे विशेष.

जेवणाच्या टेबलावर दुलई अंथरली आणि मालतीबाईंनी काळीला आणून तीवर बसवलं. "पडदा ओढ गं," त्या म्हणाल्या. अकरा वर्षांच्या सिद्धीनं, मृदुलाच्या मुलीनं, पडदा ओढला आणि कुजबुजत विचारलं, "मम, व्हाय आर वी व्हिस्परिंग?" तिला कुणी उत्तर दिलं नाही, कारण कुणालाच ते माहीत नव्हतं.

मृदुलानं भरतकामाच्या कात्रीनं आपला टाका उसवला. जांभळ्या शालूचा तुकडा सुटून आला, उलट बाजूनं अजून नवा दिसणारा. तिनं तो नाकाशी नेला आणि का कोण जाणे, कमरेला खोचला. खाली मालतीबाईंचं नारायणपेठी होतं. मालतीबाईंनी चष्मा पुसला, पण त्यांच्या सुजलेल्या बोटांत कात्री बसेना. मृदुला पुढे झाली तर त्यांनी मानेनं नको म्हटलं आणि वेळ लागला तरी आपला टाका आपणच सोडला. त्याखालचं खणाचं कापड त्यांच्या सासूचं, वसुंधराबाईंचं. "त्यांचा मी सोडते," मालतीबाई म्हणाल्या. "त्या मला एवढं देणं लागतात." आणि सुनांना कळलं नाही की हे हसण्यावारी न्यायचं का नाही.

त्याखालीही कापड होतंच. आता ते कापड म्हणण्यासारखं उरलं नव्हतं. तेल आणि हळद पिऊन कातड्यासारखं झालेलं, काळपट लाल, आणि टाके इतके बारीक की बोटालाही लागेनात.

मालतीबाई थांबल्या.

"ही कोण, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "सासूबाईंची सासू की त्याही आधीची कुणी, सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. तिचा टाका मी कशी सोडू? मी हिच्यावर शिवलंय. मृदुलानंही शिवलंय. आम्ही या रांगेतल्या." त्यांनी मान वर केली. "मेधा, तू सोड. तुझा टाका यात नाही. तुला कसलं बंधन नाही."

वाक्य कठोर होतं आणि खरं होतं. सहा वर्षं ज्या गोष्टीनं तिला बाहेर ठेवलं होतं, तीच आज तिला टेबलापाशी बोलवत होती. पाठीमागचे हात तिनं पुढे आणले.

तिनं घाई केली नाही. कोमट पाण्यात फडकं भिजवून ती ते कापडावर ठेवी, जरा थांबे आणि मग नखानं कड उचले. कापड बोटभर सुटे, पुन्हा चिकटे. खोलीत शिळ्या मोहरीचा, हिंगाचा आणि फार जुन्या तेलाचा वास भरला. त्या वासात कितीतरी उन्हाळ्यांच्या कैऱ्या होत्या. बाहेर डेकवर रमण आणि मकरंद कोळशावरून हुज्जत घालत होते आणि ते फार लांब कुठंतरी चाललं आहे असं वाटत होतं.

मग शेवटचं लुगडं एकदम, अख्खं, तिच्या हातात आलं.

आधी काही कळलंच नाही. पडद्यातून येणाऱ्या अंधूक उजेडात नुसता काळा रंग होता. तेलानं भरलेला, गोल. मेधानं फडक्यानं एकदा पुसलं, पुन्हा पुसलं आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

"वहिनी," ती म्हणाली.

मालतीबाई वाकल्या. "पडदा उघड गं," त्या म्हणाल्या. "उजेड येऊ दे."

सिद्धीनं पडदा सारला. जुलैचं, तिथल्या हिवाळ्यातलं, तिरकं ऊन खिडकीतून थेट टेबलावर आलं.

काळ्या अंगावर एक पक्षी होता.

गंजाच्या रंगाचा, तपकिरी, आणि जिथं ऊन पडलं तिथं सोन्यासारखा. कुंचल्याच्या दोन-तीन फटकाऱ्यांत काढलेला. एक फटकारा पाठीचा, एक पंखाचा आणि शेपटीशी कुंचला उचलताना राहिलेली बारीक रेघ. खाली एक फांदी, तिला चार पानं. काढणाऱ्यानं क्षणभरही विचार केलेला दिसत नव्हता, आणि तरी पक्षी उडत होता. आता पंख मिटेल की काय असं वाटावं इतका उडत होता. मेधानं बरणी हळूच वळवली. पाठीमागे दुसरा पक्षी, पहिल्याकडे तोंड करून.

"आजी," सिद्धी म्हणाली, "शी'ज गॉट बर्ड्स!"

मृदुलानं तोंडावर हात ठेवला होता. मालतीबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, देवळात शिरताना घेत तसा, आणि तो घेतल्याचं त्यांना भानही नसावं. एकेचाळीस वर्षं त्यांनी ही बरणी पुसली, उचलली, भरली, उन्हात ठेवली आणि या समुद्रापार आणली. आणि तेवढी सगळी वर्षं हे दोन पक्षी आत अंधारात एकमेकांकडे उडत होते.

"हे काय आहे गं, मेधा?" त्यांनी विचारलं. सासूच्या तोंडून असा साधा, न माहीत असल्याचा प्रश्न मेधानं प्रथमच ऐकला.

"चीनमधली असावी, आई. उत्तरेकडची. आमच्या वर्गात एका पुस्तकात असे फोटो आहेत. काळ्या झिलईवर लोखंडाच्या मातीनं काढतात आणि भट्टीत ते असं तांबूस होऊन येतं. मला नक्की नाही सांगता यायचं. पण जुनी आहे. वेंगुर्ल्याच्या आपल्या घरापेक्षा जुनी. कदाचित कितीतरी शतकांनी."

तिनं मधलं बोट वाकवून काळीच्या कुशीत टकटक केली.

आवाज आला तो सगळ्यांच्या अंगातून गेला. लांब, स्वच्छ, देवघरातल्या घंटेसारखा, आणि बोट काढल्यावरही तो खोलीत राहिला. तडा कुठेच नव्हता. मेधानं बुडाशी, कुशीत, गळ्याशी वाजवून पाहिलं. सगळीकडे तोच नाद. मग तिनं सोडलेली लुगडी चाचपली आणि तिला हसूच आलं. "बरणी गळतच नव्हती, आई. तोंडाला बांधतो त्या कापडाच्या दादऱ्यातून तेल वर्षानुवर्षं या कापडांत उतरत होतं. ती पुरती भरली आणि आता आमच्यानं होत नाही म्हणाली."

"म्हणजे आपणच गुंडाळून गुंडाळून..." मृदुला म्हणाली आणि तीही हसायला लागली, डोळे पुसत.

बूड बघायला म्हणून मेधानं बरणी दुलईवर आडवी केली, आणि तिथं तिला ते दिसलं. बुडापासून जरा वर, जिथं काळी झिलई संपत होती, तिथं एका बाजूला चार आणि समोरच्या बाजूला एक, असे लांबट कोरे डाग होते. झिलई तिथं बसलीच नव्हती. आतली करडी माती उघडी राहिली होती. आपण काय बघतोय हे तिला लगेच कळलं. दर गुरुवारी तिची स्वतःची भांडी नेमकी अशीच निघत आणि शिकवणाऱ्या बाई त्यावरून तिला हटकत.

"ही बोटं आहेत," ती म्हणाली.

"कुणाची?"

"ज्यानं केली त्याची. भांडं झिलईत बुडवताना बुडाला धरून असं उलटं धरावं लागतं. जिथं बोटं असतात तिथं झिलई लागत नाही. इथं त्यानं धरलं होतं. हा त्याचा अंगठा."

तिनं आपली बोटं त्या डागांवर ठेवली. ती बसली. तिनं हात काढल्यावर सिद्धीनं ठेवली, तिचीही जवळजवळ बसली. मृदुलाचीही. त्यात नवल नव्हतं. ते भांडं ज्याला उलटं धरायचं आहे त्याचा हात तिथंच पडणार. पण चौथ्यांदा मालतीबाईंनी सुजल्या सांध्यांची आपली बोटं तिथं टेकवली. हात त्यांनी काढला नाही.

"धुरी देताना मी इथंच धरते," त्या हळूच म्हणाल्या. "कापडावरून. दरवर्षी. सासूबाईंनी दाखवलं होतं, इथं धर म्हणजे निसटत नाही."

त्यांनी एकदा त्या मातीच्या डागांकडे पाहिलं आणि एकदा टेबलावर पडलेल्या लुगड्यांच्या ढिगाकडे.

"कोण कुठला परका माणूस," त्या म्हणाल्या. "काय खात होता, कुठल्या देवाला हात जोडत होता, देव जाणे. आणि आम्ही इकडे म्हणत बसलो, हिचा हात लागतो, तिचा लागत नाही. पहिला हात तर याचा."

मेधानं बरणी हळूच पुन्हा उभी केली.

पुरुषांना हाक गेली. रमण हातातल्या चिमट्यासकट आत आला आणि दारातच उभा राहिला. मकरंदनं तोंड उघडलं आणि त्याच्याकडे विनोद नाही असं बहुधा प्रथमच झालं. जनार्दनराव मात्र हळूहळू चालत टेबलापर्यंत गेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक लागेल इतकं जवळ वाकून पक्ष्याकडे बघत राहिले.

"बाबा," मकरंद हळूच म्हणाला, "अरब की पोर्तुगीज?"

जनार्दनरावांनी मान हलवली. "मला काही माहीत नाही रे," ते म्हणाले. "कुणालाच कधी काही माहीत नव्हतं."

मग सगळे एकदम बोलू लागले. रमणचं म्हणणं, आता हिला काचेच्या कपाटात ठेवावी, कपाट भिंतीला बोल्टनं पक्कं करावं, भूकंपाची भीती नको. मकरंदचं म्हणणं, आधी वेलिंग्टनच्या म्युझियममध्ये कुणाला तरी दाखवावी. मृदुला म्हणाली, दाखवा हवं तर, पण तिथं ठेवून येऊ नका. मालतीबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"दाखवा ना, खुशाल दाखवा," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या महिन्यात. आज लिंबं मुरली आहेत."

"आई, अगं, एवढी जुनी वस्तू, तिच्यात लोणचं घालायचं?" रमण म्हणाला.

"इतकी वर्षं तिच्यात काय घालत होते, दागिने? निखारे झाले का?"

निखारे झाले होते. आतमध्ये धुरी दिली की घरातला स्मोक अलार्म शेजाऱ्यांसकट सगळ्यांना जागं करी, म्हणून हे काम नेहमी डेकवर होई. मृदुलानं पसरट वाटीत निखारा घेतला, मालतीबाईंनी त्यावर चिमूटभर हिंग टाकला. धूर उठला. आता कोरडी केलेली बरणी त्या धुरावर पालथी धरायची. मालतीबाईंनी काळीला नेहमीसारखं उचललं, मृदुला हात पुढे करून उभी होती, कारण आता बरणी तिची.

"तू थांब," मालतीबाई तिला म्हणाल्या. मग मागे न बघता, "मेधा, ये. तू धर."

मृदुला बाजूला झाली. नुसती झाली नाही, तिनं मेधाच्या पाठीला हलकंच पुढे ढकललं.

मेधानं बरणी घेतली. ती उलटी केली तेव्हा तिची बोटं आपसूक त्या कोऱ्या मातीवर गेली, झिलई नसलेल्या जागी, खरखरीत आणि गार. चार इकडे, एक तिकडे. हिंगाचा धूर काळीच्या पोटात शिरला, भरला आणि गळ्याशी रेंगाळत बाहेर आला. त्यात ते दोन पक्षी पालथे होऊनही उडतच होते. मेधाच्या डोळ्यांतून पाणी आलं. हिंगाचं होतं, असं ती म्हणू शकली असती. तिनं म्हटलं नाही.

लिंबं मालतीबाईंनी तिलाच भरायला लावली. मसाला, फोडणीचं गार केलेलं तेल, दाबून दाबून. सगळे डेकवर उभे राहून बघत होते, आणि रिमुटाकाच्या डोंगरांवरून येणारा वारा इतका बोचरा असूनही कुणी आत गेलं नाही. बरणी गळ्यापर्यंत भरली तेव्हा मृदुलानं विचारलं, "आता पुन्हा नेसवायचं का हिला?"

"नाही," मालतीबाई म्हणाल्या. "पुष्कळ झाकली. आता दिसू दे. पण तोंडाला दादरा लागेलच. तो कोरा हवा."

"आणते, किचनमध्ये मलमल आहे."

"मलमल कशाला?" मालतीबाई मेधाकडे वळल्या. "ते पर्समधलं काढ की. सहा वर्षं आणतेस आणि परत नेतेस. मला काय दिसत नाही?"

मेधा आत धावली. पर्स सोफ्यावर होती, तिला दिसतही होती, आणि तरी कितीतरी वेळ तिला त्या कप्प्याची चेन उघडता येईना.